थर्मासातला गाल

माझ्या साडूभाऊंइतका संशयी माणूस अंधेरीपासून मुलुंडपर्यंत दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका संशय ज्याच्यावर घेतला गेला असा माणूसही झाला नाही. त्यांचा दुधावर विश्वास नव्हता, घड्याळावर नव्हता, वर्तमानपत्रावर नव्हता आणि स्वतः औषधांचे प्राध्यापक असून औषधाच्या गोळीवर तर मुळीच नव्हता. आरेच्या दूधकेंद्रावर ते बाटली उजेडात तिरकी धरून केंद्रावरच्या बाईंना विचारत, "ही म्हैस काल काय खाऊन होती?" त्यावर त्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, "मी काय तिच्या पंक्तीला होते? घ्यायचं तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा." साडूभाऊंनी बाटली घेतली, पण घरी येईपर्यंत तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होते. केक ते खात नसत, कारण त्यात अंडं असतं. बिस्कीटही हातात घेऊन बराच वेळ हुंगत, आणि पार्ल्यात बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास आला की रुमाल नाकाला लावत, कारण वासात काय काय मिसळलेलं असतं याची खात्री कोण देणार?

अशा माणसाबद्दल आमच्या घराण्यात आजही सांगितलं जातं की तो चोरून मटण खायचा. परवा एका लग्नात नात्यातल्या एका पोरीने मला हसत विचारलं, "आजोबा, घाटकोपरचे ते मटणवाले आजोबा तुमचे कोण?" ती पोर त्यांच्या हयातीत जन्मलीही नव्हती. साडूभाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती बातमी मुळात आणली मी, अर्धी आणली मी, आणि उरलेली अर्धी आज लिहून टाकतो आहे. माझं वय झालं आहे, आणि ती सांगणारा माझ्याखेरीज कुणी उरलेला नाही.

साडूभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचे, नंदाचे यजमान. उपनगरातल्या एका कॉलेजात औषधं तयार करण्याचं शास्त्र शिकवायचे. सासुरवाडीला एवढंच माहीत होतं की जावई पोरांना गोळ्या पाडायला शिकवतो. पण त्यांचं खरं वेड निराळं होतं. तोंडाच्या आतली जी पातळ, ओली कातडी असते, गालाच्या आतली, जिभेखालची, तिच्यातून औषध थेट रक्तात कसं उतरतं, किती उतरतं, का अडतं, हे त्यांना शोधायचं होतं. जगात दोन प्रकारची माणसं आहेत असं ते मानत: गालाची दारं उघडी ठेवणारी आणि बंद ठेवणारी. कुणाच्याही घरी गेले की "कसं काय?" ऐवजी त्यांची नजर समोरच्याच्या तोंडाकडे जाई. जांभई दिलीत तर संपलंच, खुर्ची पुढे सरकवून ते म्हणत, "जरा तसंच ठेवा." आमच्या इमारतीतले सुपारी खाणारे गृहस्थ ते आले की जिना बदलत.

मुलगी बघायला आले तेव्हाचीच गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, गाणं येतं का वगैरे त्यांच्या आईने विचारून झालं. मग नवऱ्या मुलाला काही विचारायचं आहे का, असं माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, विचारलं. साडूभाऊ पुढे झुकून म्हणाले, "तिखट लागलं की आधी कुठे जळतं? गालाच्या आत की जिभेखाली?" नंदाने क्षणभर विचार केला, जीभ तोंडात फिरवून बघितली आणि म्हणाली, "जिभेखाली." साडूभाऊ उठून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "आई, माझ्याकडून पसंत."

लग्नानंतर त्यांची दुसरी खोड कळली. ते बोलता बोलता काहीतरी गालात दाबून धरत, एक बोट वर करत आणि घड्याळ बघत गप्प बसत. कधी साखरेचा खडा, कधी कडू पावडर, कधी कसलीशी गोळी. सत्यनारायणाला गुरुजींनी प्रसाद दिला तो त्यांनी गालात ठेवला आणि बोट वर केलं. गुरुजी पुढचा मंत्र म्हणायचे थांबले. त्यांना वाटलं, यजमानांना काही शंका आहे. शंका होतीच. केळं आधी उतरतं की वेलदोडा, ही. अप्पांना मात्र हा जावई आवडायचा. शिकलेला, निर्व्यसनी, शुद्ध शाकाहारी, आणि संशयी म्हणजे चौकस. मी सरकारी कचेरीतला हेडक्लार्क. अप्पांच्या पार्ल्याच्या घरात गॅलरीतली आरामखुर्ची पूर्वी मला मिळायची. साडूभाऊ आल्यापासून अप्पा ती त्यांच्यासाठी सरकवू लागले. ते तिच्यावर नीट बसतही नसत, कडेला टेकून वेत तपासत बसत. पण खुर्ची गेली ती गेली.

मग एक दिवस अप्पांच्या एका मित्राने त्यांना सांगितलं, तुमचे धाकटे जावई मला देवनारच्या बसस्टॉपवर दिसले, सकाळी, हातात मोठ्या तोंडाचा थर्मास घेऊन. देवनारला कत्तलखाना आहे हे पार्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते नाव घेण्याची पद्धत नव्हती. अप्पांनी मला गॅलरीत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाले, "वसंतराव, तुम्ही थोरले. जरा बघा हो, काय भानगड आहे." मला खरं तर बरं वाटलं. किती दिवसांनी अप्पांनी काही माझ्यावर सोपवलं होतं.

मी घाटकोपरला गेलो आणि त्यांच्या बसमध्ये मागच्या बाकावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. देवनारला ते उतरले, मीही उतरलो. कत्तलखान्याच्या बाहेरच्या बाजूला खाटकांची दुकानं होती. साडूभाऊंनी तोंडात लवंग टाकली, लगेच थुंकली (लवंगेने गाल बधिर होतो, हेही त्यांचं एक मत), शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि एका दुकानासमोर उभे राहिले. खाटकाने बकऱ्याचं मुंडकं पुढे केलं. साडूभाऊंनी त्याचा जबडा उघडून आत टॉर्च मारला. "ये कहां का है? काटेवाला झाड खाया है इसने. नहीं चाहिए." खाटीक ओरडला, "अरे मास्टर, बकरा है, दामाद नहीं है! कितना देखोगे?" तिसऱ्या की चौथ्या मुंडक्यावर त्यांचं समाधान झालं. खाटकाने गाल कापून दिला. साडूभाऊंनी खिशातून कात्री काढून आतली पातळ कातडी हलकेच सोडवली, मिठाच्या पाण्यातल्या फडक्यात गुंडाळली आणि थर्मासमध्ये बर्फावर ठेवली. उरलेलं मांस त्यांनी तिथेच फळीवर ठेवून दिलं. खाटीक हसून म्हणाला, "गोश्त छोडके चमडी ले जाता है! अजीब आदमी है यार."

हे मी पाहिलं, हे मी ऐकलं. संध्याकाळी पार्ल्याला जाऊन मी अप्पांना सांगितलं, "खाटकाकडून बकऱ्याचं घेतात. थर्मासमध्ये भरून नेतात." एवढंच. मांस फळीवर ठेवलं, हे सांगितलं नाही. खाटीक काय म्हणाला ते सांगितलं नाही. मी बोललो त्यात खोटा शब्द एकही नव्हता, आणि अप्पांनी आरामखुर्ची स्वतःच्या हाताने माझ्याकडे सरकवली.

त्या वेळी नंदाला सहावा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्याकडे विचारण्याची बाब नव्हती. माई, म्हणजे सासूबाई, मागच्या खोलीत खाट लावून, डिंक आणून, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून बसल्या होत्या. अप्पांनी साडूभाऊंना बोलावून घेतलं. मी होतोच. अप्पा ताठ बसून म्हणाले, "देवनारला तुम्ही कशाला जाता?"

इथे दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. साडूभाऊंचा चेहरा उजळला. आजवर सासरी कुणी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलंच नव्हतं! ते जमिनीवर मांडी घालून बसले, दोन पेले मागवले, एकावर एक उपडा ठेवून दाखवू लागले. "हे असे काचेचे दोन पेले, मधे बकऱ्याच्या गालाची कातडी ताणून बसवायची. वर औषध, खाली अंगाइतकं कोमट खारं पाणी. मग थोड्या थोड्या वेळाने खालचं पाणी काढून बघायचं, औषध किती उतरलं. कातडी ताजी हवी. शिळी झाली की काहीही सोडते, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही." अप्पांचा रंग बदलत होता, पण साडूभाऊंची नजर पेल्यावर. "पण अप्पा, बकरा काही खरा नाही. चरून चरून त्याचा गाल आतून खरखरीत होतो, दाणे असतात त्यावर. म्हणून आता मी डुकराकडे वळणार आहे. माणसाच्या गालाच्या सर्वांत जवळचा गाल डुकराचा. म्हणजे बघा, तुमचं तोंड आणि डुकराचं तोंड, आतून बघितलं तर ओळखू यायचं नाही!"

माईंनी आतून पेले परत नेले आणि लगेच घासायला टाकल्याचा आवाज आला. अप्पा म्हणाले, "हे बंद होईपर्यंत तुम्ही या घराची पायरी चढायची नाही. आणि त्या घरातली माझी मुलगीही नाही." साडूभाऊ दारापर्यंत गेले, परत वळले आणि खरोखर न कळून त्यांनी विचारलं, "पण बकऱ्यासाठी की डुकरासाठी?"

पुढचे महिने वाईट गेले. काम सोडणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांना ते सोडायचं असतं हेच कळत नव्हतं. नंदा घाटकोपरच्या दोन खोल्यांत एकटी. सासू गावाला, आजारी. डोहाळजेवण झालं ते शेजारणींनी केलं. माझी बायको गेली होती, येऊन रडली. "अप्पांना कुणी काय सांगितलंय देव जाणे," असं ती म्हणाली, आणि मी पेपर वाचत राहिलो. पार्ल्याला नातेवाइकांत बातमी वाढत गेली. गाल मागे पडला, मटण झालं, मग रोजचं झालं, मग रात्रीची पार्टी झाली. माझ्या अर्ध्या वाक्याला सगळ्यांनी मिळून हातपाय लावले. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. बाळंतपण कुठे होणार हे मात्र रोज माझ्या डोक्यात फिरायचं. आठवा महिना लागला, सरत आला, तरी पार्ल्याचा निरोप नाही. माई मागच्या खोलीतल्या खाटेवरची चादर बदलत राहत.

एका रविवारी साडूभाऊ अंधेरीला आमच्याकडे आले. आले ते थेट अप्पांची चौकशी करायला. अप्पांना अधूनमधून छातीत दुखायचं, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती, हे त्यांना नंदाकडून कळलं होतं. माझी बायको म्हणाली, "गोळी घेतात हो वेळेवर. तरी जिना चढताना दुखतं ते दुखतंच."

साडूभाऊंचे डोळे बारीक झाले. "गोळी घेतल्यावर डोकं दुखतं का त्यांचं?"

"छे! डोकं अगदी छान असतं."

"छान असतं?" ते उठून उभे राहिले. "मग ते गिळतात. वसंतराव, ते गोळी गिळतात! या गोळीने डोकं ठणकलंच पाहिजे. कुणी बघितलंय त्यांना घेताना?"

बघितलं होतं मी. पार्ल्याला गेलो की पाण्याचा पेला मीच देत असे. डॉक्टरांनी जिभेखाली सांगितलं होतं, पण अप्पांचं म्हणणं असं, जिभेखालीच विरघळून गेली तर पोटात जायला उरलं काय? पैसे पूर्ण गोळीचे आणि औषध अर्धं? म्हणून ते दारं लावून गिळत, आणि मी पाणी देत असे. साडूभाऊ चपला घालता घालता म्हणाले, "पोटात गेली की आधी यकृतात जाते, तिथे बहुतेक नासते. गालातून, जिभेखालून गेली की थेट. म्हणून तर ते आम्ही सगळं करतो ना!" आणि खाली उतरलेसुद्धा. मी त्यांच्या मागे गेलो.

पार्ल्याला त्यांनी बेल वाजवली आणि दार उघडल्यावर उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, चपला काढून. "पायरी चढलो, त्याबद्दल माफ करा. आत येत नाही. अप्पा, आ करा."

अप्पा दारात आले. "तुमचे ते हात माझ्या तोंडाला लावायचे नाहीत."

"हात नाही लावत. टॉर्च आणलाय."

का कोण जाणे, अप्पांनी तोंड उघडलं. कदाचित त्या सकाळी दुखलं असावं. साडूभाऊंनी बाहेरून टॉर्च मारला, मान वाकडी केली. "जीभ वर. कोरडं ठाक आहे! इथे गोळी विरघळणार कशी? आधी घोटभर पाणी घ्यायचं, तोंड ओलं करायचं. मग खाली बसून गोळी जिभेखाली. गिळायची नाही, चघळायची नाही आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. मग डोकं दुखलं तर समजायचं, पोचली."

"म्हणजे माझं डोकं दुखवायला आलात तुम्ही इथे?"

"हो," साडूभाऊ म्हणाले.

अप्पांनी विचारलं, "आणि हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"बकऱ्याने."

माई आत हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही. अप्पांनी दार लावलं, पण आपटलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस साडूभाऊ कॉलेज सुटलं की पार्ल्याला जाऊन इमारतीच्या अंगणात उभे राहत आणि मान वर करून ओरडत, "अप्पा, दुखलं का?" तिसऱ्या दिवशी अप्पा गॅलरीत आले आणि कठड्यावर हात आपटून गरजले, "दुखलं! असं दुखलं की डोळे उघडेनात!"

"आणि छातीत?"

"छातीत नाही!"

"वा! वा!" साडूभाऊंनी खाली टाळ्या वाजवल्या. तळमजल्यावरच्या देशपांडे वहिनी खिडकीतून हे सगळं बघत होत्या. सासऱ्याचं डोकं दुखतं म्हणून टाळ्या वाजवणारा जावई त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. अप्पा आत गेले, परत बाहेर आले. "आणि ऐका. उद्या नंदाला आणून सोडा. रिक्षा हळू घ्यायला सांगा. तुम्ही मात्र खालीच."

नंदा आली. माईंनी तिला धरून जिना चढवला, आणि दिवस भरायच्या थोडं आधीच तिला मुलगी झाली. बाळाला माईंनी गॅलरीतून खाली दाखवलं तेव्हा साडूभाऊ अंगणात टाचा उंचावून उभे होते आणि विचारत होते, "रडताना आ नीट करते ना?" बारशाला अप्पांनीच त्यांना वर बोलावलं. पाळण्याजवळ जाऊन त्यांनी टॉर्च काढला तेव्हा नंदा ओरडली, "अहो, हिला तरी सोडा!" आणि अप्पा मोठ्याने हसले. पण मटणाची खरी गोष्ट अप्पांनी कुणाला सांगितली नाही, मी सांगितली नाही, आणि साडूभाऊंना तर ती बातमी कशी उठली हे माहीतच नव्हतं. त्यामुळे ती लग्नामुंजींतून फिरत राहिली. नंदाने मात्र त्या महिन्यांनंतर पार्ल्याच्या स्वयंपाकघरात काही करायला घेण्याआधी माईंना विचारायची सवय लावून घेतली. माई म्हणत, "अगं, विचारतेस काय?" तरी ती विचारायचीच.

साडूभाऊ निवृत्त झाल्यावर एकदा मी घाटकोपरला गेलो आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. बस, वर्तमानपत्र, दुकान, फळीवरचं मांस, अप्पांना सांगितलेलं आणि न सांगितलेलं. नंदा आत चहा करत होती; भांड्यांचा आवाज मधेच थांबला. साडूभाऊंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा जगावर संशय घेणारा माणूस मला काय म्हणेल.

ते खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "म्हणजे तुम्ही तिथे होतात? त्या दुकानाजवळ?"

"हो. अगदी जवळ."

"मग तुम्ही पाहिलं असेल!" त्यांनी माझा हात धरला. चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. "वसंतराव, मला कायम संशय होता की तो खाटीक मला दाखवायचा एक आणि कापून द्यायचा दुसऱ्याच म्हाताऱ्या बकऱ्याचा. मी कात्री काढायला वळलो की बदलायचा. त्या एका संशयापायी माझं तेव्हाचं सगळं काम मी छापायला दिलंच नाही. कुणी साक्षीदारच नव्हता. सांगा, बदलला होता?"

मी आठवून बघितलं. फळी आठवली, थर्मास आठवला, त्यांच्या वर केलेल्या बाह्या आठवल्या. खाटकाचे हात काही केल्या आठवेनात. त्या वेळी मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो. अप्पांना काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव करत होतो.

"नाही सांगता येत," मी म्हणालो.

नंदाने चहा आणून दोघांच्या पुढे ठेवला आणि ती आत गेली. साडूभाऊंनी माझा हात सोडला. रागावले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं हळहळताना पाहिलं नव्हतं.

"अरेरे," ते म्हणाले, "नीट बघायचं होतंत हो, वसंतराव."